काय पाहावें व कोणीं निवडावें

फुरसतीच्या वेळाचें काय करावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीं. सत्यभाषण, दानधर्म, युद्ध, शासन या विषयांवर तत्त्वज्ञांनीं पानेंच्या पानें खर्ची घातलीं आहेत. परंतु दिवसाचें काम संपवून मनुष्य दिवाणखान्यांत येऊन बसला म्हणजे त्याच्यावर कोणतें कर्तव्य उरतें, याचा विचार थोड्यांनींच केला. ॲरिस्टॉटल हा त्या थोड्यांपैकीं एक होय. ‘राजनीति’ या आपल्या ग्रंथाच्या अखेरच्या भागांत त्यानें फुरसत आणि नुसता विसांवा यांत भेद केला आहे. विसांवा पुन्हां कामास लागतां यावें म्हणून घ्यावयाचा असतो. फुरसत मात्र कामाची दासी नसून, कामच फुरसतीसाठीं करावयाचें असतें. हें मत खरें असेल तर फुरसतीचा उपयोग हा क्षुद्र विषय नव्हे. मनुष्य कशासाठीं जगतो, याचें उत्तर पुष्कळ अंशीं तेथेंच सांपडावयास पाहिजे.

आज सुशिक्षित कुटुंबांतील ही फुरसत बहुतांशीं दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर जाते. तो पडदा चांगला कीं वाईट, हा वाद आम्हांस येथें घालावयाचा नाहीं. आमचा प्रश्न त्याहून अरुंद आहे. एखाद्या कुटुंबानें त्या पडद्यावर हॉलीवुडचे जुने चित्रपट, स्थूलमानानें १९३० ते १९६० या काळांतले, पाहण्याचें ठरविलें, तर त्यांतून निवड कशी करावी, व ती करण्याचा अधिकार कोणाचा? या चित्रपटांशीं आपल्याकडील घरांचा परिचय अगदीं नवा नाहीं. १९९५ पासून कांहीं वर्षें एकाच वाहिनीवर दिवसा मुलांचीं व्यंगचित्रें आणि रात्रीं टर्नर कंपनीच्या संग्रहांतील जुने अमेरिकन बोलपट दिसत असत. आतां तर त्यांपैकीं शेंकडों चित्रपट घरबसल्या मागवितां येतात. मिळत नाहीं ही तक्रार संपली, आणि निवडावें काय ही अडचण उभी राहिली.

कोणी म्हणेल कीं, एवढ्या साध्या गोष्टीस नीतीचा प्रश्न कशाला म्हणावयाचें? ज्याला जें आवडेल तें त्यानें पाहावें. एकटा मनुष्य एकटाच पाहत असेल तर या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे. पण घरांतला पडदा बहुधा सामाईक असतो. निवडतो एक आणि पाहतात चौघे. दोन तासांचा चित्रपट चौघांनीं पाहिला म्हणजे आठ तासांचें मनुष्यायुष्य खर्ची पडलें, आणि त्यांतले सहा तास दुसऱ्यांचे होते. शिवाय त्या चौघांत एखादा चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर चांगलें कशास म्हणावें, याची तिची कल्पना अशाच संध्याकाळीं हळूहळू घडत असते. दुसऱ्याच्या वतीनें निवडणारा मनुष्य नीतीच्या प्रांतांत शिरलाच, मग निवडावयाची वस्तु राज्यघटना असो कीं चित्रपट असो.

या प्रश्नाचें पहिलें व सर्वांत प्रतिष्ठित उत्तर असें आहे कीं, निवड काळानेंच करून ठेविली आहे. जें पोकळ होतें तें विसरलें गेलें, जें सकस होतें तें उरलें. तेव्हां ‘अभिजात’ म्हणून जें आज नांवाजलें जातें तेंच निःशंकपणें घ्यावें. काळाला चाळणीची उपमा देणारे हें मत इतक्या वेळां सांगतात कीं, ती चाळणी कोणाच्या हातांत होती हें विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं. तें आतां विचारून पाहूं.

फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा चित्रपट १९४६ च्या डिसेंबरांत प्रथम दाखविला गेला. आपल्या लहानशा गांवासाठीं सर्व महत्त्वाकांक्षांवर पाणी सोडणारा एक मनुष्य नाताळच्या आदल्या रात्रीं जीव द्यावयास निघतो, आणि आपण जन्मासच आलों नसतों तर या गांवाचें काय झालें असतें हें त्यास दाखविलें जातें, अशी त्याची कथा आहे. जेम्स स्ट्युअर्टसारखा नट असूनहि त्या वेळीं चित्रपटास अपेक्षित प्राप्ति झाली नाहीं. अमेरिकेच्या तत्कालीन कायद्याप्रमाणें अठ्ठावीस वर्षांनीं स्वामित्वहक्काचें नूतनीकरण करावें लागे. १९७४ सालीं तें करावयाचें राहून गेलें. तेव्हां गांवोगांवच्या दूरचित्रवाणी केंद्रांना हा चित्रपट फुकट मिळूं लागला, आणि नाताळांतल्या रिकाम्या वेळा भरून काढण्यासाठीं तीं केंद्रें तो वारंवार दाखवूं लागलीं. पाहतां पाहतां एका पिढीला त्यावांचून नाताळ पुरा वाटेनासा झाला. १९९३ मध्यें मूळ कथेच्या व संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन त्यावर पुन्हां मालकी सांगण्यांत आली, पण तोंवर तो अभिजात ठरून गेला होता. चित्रपट खरोखर चांगला आहे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु ज्यांच्या मालकांनीं नूतनीकरणाची तारीख चुकविली नाहीं, आणि म्हणून जे कोठारांतच पडून राहिले, असे चांगले चित्रपट किती असतील? येथें ‘काळानें निवडलें’ याचा अर्थ एवढाच कीं, हक्क सांभाळणाऱ्यांस विस्मरण झालें.

हें उदाहरण एकटेंच नाहीं. प्रारंभीं हॉलीवुडच्या कंपन्या दूरचित्रवाणीस वैरीण समजत व तिला आपले चित्रपट देत नसत. पुढें धंदा खालावल्यावर १९५५ सालीं आर.के.ओ.नें, १९५६ सालीं वॉर्नर बंधूंनीं व १९५८ सालीं पॅरामाउंटनें आपले जुने संग्रह विकले. पॅरामाउंटच्या सुमारें ७०० चित्रपटांची किंमत पांच कोटि डॉलर ठरली. परंतु या व्यवहारांची रेघ सामान्यतः १९४८ वर ओढलेली होती, कारण त्यानंतरच्या चित्रपटांबद्दल कलावंतांच्या संघांशीं मोबदल्याचा तंटा होता. एका पिढीनें घरीं बसून १९४८ पूर्वीचेच चित्रपट पाहिले आणि त्यांवर जीव जडविला, त्याचें एक कारण कराराचें कलम हें होतें.

मूकपटांची कथा तर याहून करुण आहे. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयानें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें १९१२ ते १९२९ या काळांत अमेरिकेंत निघालेल्या सुमारें ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकीं मूळ स्वरूपांत अवघे १४ टक्के शिल्लक आहेत. बाकीचे नष्ट झाले ते हिणकस होते म्हणून नव्हे. नायट्रेटची फीत चटकन् पेट घेई. १९३७ मध्यें न्यू जर्सींतील लिट्ल फेरी येथें फॉक्स कंपनीच्या कोठारास आग लागली आणि तिच्या बहुतेक मूकपटांची राख झाली. बोलपट आल्यावर मूकपटांस बाजार उरला नाहीं, म्हणून कित्येक फिती आंतील चांदी काढून घेण्यासाठीं नाहींशा करण्यांत आल्या. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’चा कांहीं भागच आज उपलब्ध आहे, जो भाग गेला तो कमी प्रतीचा होता, असें म्हणण्याचें धैर्य कोणास होईल?

शिवाय जें उरलें तें तरी जसेंच्या तसें उरलें काय? १९३३ चा ‘बेबी फेस’ घ्या. बार्बरा स्टॅनविकनें त्यांत दारिद्र्यांतून वर चढणाऱ्या एका मुलीचें काम केलें आहे. मूळ चित्रपटांत एक वृद्ध चांभार तिला नीत्शेचा हवाला देऊन सांगतो कीं, आपलें सामर्थ्य ओळख आणि पुरुषांना वापरून घे. न्यूयॉर्कच्या परीक्षकांना हें तत्त्वज्ञान मानवलें नाहीं. म्हणून त्याच चांभाराच्या तोंडीं सदुपदेश घालण्यांत आला, आणि अखेरहि सोज्ज्वळ करण्यांत आली. पुढील वर्षापासून तर नीतिनियमांची सक्ति सर्वच चित्रपटांवर लागू झाली व १९६८ पर्यंत ती या ना त्या स्वरूपांत टिकली. ‘बेबी फेस’ची मूळ प्रत २००४ सालीं सांपडली. म्हणजे सत्तर वर्षें ज्यांनीं ज्यांनीं तो पाहिला, त्यांनीं एक चित्रपट निवडला व दुसराच पाहिला. तात्पर्य, काळाच्या चाळणीचीं भोकें आगीनें, कायद्यानें, बाजारानें व परीक्षकाच्या कात्रीनें पाडलेलीं आहेत. तिच्यांतून जें खालीं आलें तें तपासून घेण्याचें काम अजून आपल्यावर आहेच.

मग दुसरें उत्तर पुढें येतें तें हें कीं, निवड जाणत्यांवर सोंपवावी. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. वैद्याचें औषध आपण विश्वासानेंच घेतों. १४ एप्रिल १९९४ रोजीं अमेरिकेंत सुरू झालेली ‘टर्नर क्लासिक मूव्हीज’ ही वाहिनी या तत्त्वाचें चांगलें उदाहरण आहे. चित्रपट मध्यें न तोडतां व जाहिराती न घुसडतां दाखवावयाचा, आणि प्रारंभीं एका जाणकारानें दोन शब्द सांगावयाचे, अशी तिची पद्धति आहे. २०१७ सालीं वारलेले रॉबर्ट ऑस्बोर्न यांनीं हें काम दोन तपांहून कांहींसेंच कमी काळ केलें. हा चित्रपट कोणत्या परिस्थितींत निघाला, यांतल्या नटीचें पुढें काय झालें, कोणत्या प्रसंगाकडे लक्ष द्यावें, असें दोन-चार मिनिटांत सांगून ते बाजूस होत. कीर्तनांतल्या पूर्वरंगाशीं परिचित असलेल्या आपल्या वाचकांस या पद्धतीचें मर्म समजावून सांगावयास नको. २०२३ सालीं मालकांनीं या वाहिनीची नोकरमंडळी कमी केली, तेव्हां स्पीलबर्ग, स्कॉर्सेसी आणि पॉल टॉमस अँडरसन या तिघां दिग्दर्शकांनीं मध्यें पडून रदबदली केली. निवड हें माणसांचें काम आहे व तीं माणसें गेलीं कीं संग्रह नुसतें कोठार होतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

पण जाणत्यालाहि मर्यादा पाहिजे, आणि ती कोणती हेंहि याच वाहिनीच्या संस्थापकाच्या चरित्रावरून कळतें. टेड टर्नर यांनीं १९८६ सालीं मेट्रो कंपनी विकत घेतली व थोड्याच काळांत विकून टाकली, पण चित्रपटसंग्रह स्वतःकडे ठेविला. त्यांतले कृष्णधवल चित्रपट यंत्राच्या साहाय्यानें रंगवून दाखविण्याचा त्यांनीं सपाटा लावला. ‘द माल्टीझ फाल्कन’ रंगविला गेला तेव्हां त्याचे वृद्ध दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनीं संतापून निषेध केला. ‘कॅसाब्लँका’हि त्यांतून सुटला नाहीं. ‘सिटिझन केन’ वांचला तो केवळ ऑर्सन वेल्सच्या मूळ करारामुळें. ह्यूस्टन यांच्या ‘द ॲस्फाल्ट जंगल’विषयींचा दावा त्यांच्या मृत्यूनंतर फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९१ सालीं निकाल दिग्दर्शकाच्या बाजूनें लागला. याच वादाच्या भरांत अमेरिकेंत १९८८ चा चित्रपटरक्षणाचा कायदा झाला. त्यान्वयें निदान दहा वर्षें जुन्या अशा पंचवीस चित्रपटांची नोंद १९८९ पासून दरवर्षीं राष्ट्रीय सूचींत होते. लोकांना रंग आवडतात, मग द्यावयास काय हरकत, असा रंगविणारांचा युक्तिवाद होता. त्याचें उत्तर असें कीं, जें आपण दुसऱ्यास आवडेलसें करून देतों तें आपण निवडलेलें नव्हे, आपण केलेलें असतें. आणि त्यावर नांव मात्र मूळ कर्त्याचें राहतें. निवडणारानें दार उघडावें. घरांतल्या भिंती हलवूं नयेत.

साधनाचा दोष वेगळा. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ ३ नोव्हेंबर १९५६ रोजीं अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर प्रथम दाखविला गेला. कॅन्ससच्या करड्या जगांतून मुलगी ऑझच्या रंगीत राज्यांत दार उघडून जाते, हा त्या चित्रपटाचा प्राण. पण त्या काळीं बहुतेक घरांतले संच रंगहीन होते, म्हणून बहुतेक मुलांना दोन्ही जगें सारखींच दिसलीं. येथें कोणी अपराध केला नव्हता. जें मिळालें तें अपुरें आहे, एवढें पाहणाराला ठाऊक असलें म्हणजे पुरे.

तिसरें उत्तर आजचें आहे. निवडीचा त्रासच नको. आपण पूर्वीं काय पाहिलें याची नोंद यंत्र ठेवतें, आणि तशाच प्रकारचें आणखी आपल्यापुढें मांडतें. वरवर पाहतां यांत पूर्ण स्वातंत्र्य आहे. कठोपनिषदानें श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगितला तो जणूं या यंत्रासाठींच. यंत्राला श्रेयाचा पत्ता नाहीं. आणि प्रेयहि त्याला ठाऊक असतें तें कालचें. काल आम्हांस जें आवडलें त्यावरून तें उद्यांचे आम्ही ठरवून टाकतें. आपल्याला आवडेल असें ज्याविषयीं आधीं वाटलेंहि नव्हतें त्यानें एकाएकीं पकड घ्यावी, हा रसिकाच्या आयुष्यांतला मोठा लाभ. तो या योजनेंत संभवतच नाहीं. दुसऱ्या मनुष्याच्या निवडीखालीं बसण्यांत थोडी पराधीनता असते खरी, परंतु कालच्या स्वतःच्या निवडीखालीं जन्मभर बसण्यांतली पराधीनता त्याहून मोठी आहे.

आतां सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळूं. जो चित्रपट कलेच्या दृष्टीनें थोर, पण ज्यांत अन्याय शोभिवंत करून दाखविला आहे, तो घरांत लावावा काय? १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’मध्यें अमेरिकेच्या दक्षिणेंतली गुलामगिरी एखाद्या हरवलेल्या सुवर्णयुगाची पार्श्वभूमि व्हावी तशी येते, गुलाम संतुष्ट आहेत, मालक उदार आहेत. त्यांत मॅमीचें काम करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल हिला त्या कामाबद्दल १९४० सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावती. परंतु अटलांटा शहरीं चित्रपटाचा उद्घाटनसमारंभ झाला तेव्हां तेथील वर्णभेदाच्या कायद्यांमुळें तिला उपस्थित राहतां आलें नाहीं, आणि पारितोषिकाच्या रात्रींहि तिची बसण्याची जागा इतर नटमंडळींपासून दूर, वेगळ्या मेजावर होती. २०२० च्या जूनमध्यें एका अमेरिकन संस्थेनें हा चित्रपट कांहीं दिवस आपल्या संग्रहांतून काढून घेतला, व नंतर जॅकलीन स्ट्युअर्ट या विदुषीचें प्रास्ताविक जोडून तो परत ठेविला.

काढून टाकावा असें म्हणणारांचा हेतु चांगला आहे, परंतु त्या उपायानें हॅटी मॅकडॅनियलहि पुसली जाते. जिला समारंभाच्या दारांतून आंत येऊं दिलें नाहीं, तिला पडद्यावरूनहि घालविण्यांत न्याय कोणता? उलट, ही कला आहे, तींत नीतीचें काय काम, असें म्हणून तो निमूटपणें पाहणाराहि अपुरेंच पाहतो. कारण त्या नटीच्या डोळ्यांतला जो भाव लेखणीनें लिहिला नव्हता तो त्याला दिसत नाहीं. प्रास्ताविकासह संपूर्ण पाहावा, हा मार्ग आम्हांस योग्य वाटतो. मात्र प्रास्ताविकानें साक्ष द्यावी, निकाल देऊं नये. निकाल पाहणाराचा. हा प्रश्न परक्यांचाहि नाहीं. आपल्या जुन्या प्रहसनांत व विनोदी चित्रपटांत स्त्रियांची आणि हलक्या मानलेल्या जातींची जी थट्टा आहे, तिला आपण हंसलों आहों. मुलांना तें दाखवितांना ‘त्या काळीं तसें होतें’ एवढें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. कोण हंसत होतें आणि कोणाला हंसणें भाग होतें, हें सांगावें लागतें.

इतकें झाल्यावर चांगली निवड म्हणजे काय, याचें एक उदाहरण देणें आमच्यावर बंधनकारक आहे. आम्ही लिओ मॅकेरीचा १९३७ चा ‘मेक वे फॉर टुमॉरो’ हा चित्रपट सुचवूं. सत्तरीच्या जोडप्याचें घर बँकेकडे जातें. पांच मुलें, पण दोघांना एकत्र ठेवून घेण्याची सोय कोणाकडेच नाहीं. आई मुलाकडे आणि वडील दूरच्या मुलीकडे, अशी वांटणी होते. मुलाच्या घरीं सून पत्त्यांचा ब्रिज शिकवून संसारास हातभार लावते. शिकवणीच्या वेळीं सासूची झुलती खुर्ची करकरते आणि सर्वांस अवघडल्यासारखें होतें. थोड्या वेळानें म्हाताऱ्याचा दूरध्वनि येतो, आणि ती मोठ्या आवाजांत त्याच्याशीं बोलूं लागते. खेळणारे पानें हातांत धरून गप्प बसतात. कोणी दुष्ट नाहीं, हेंच या चित्रपटाचें भीषण सामर्थ्य. प्रत्येकाचें कारण योग्य असतें आणि त्या सर्व योग्य कारणांची बेरीज अन्याय होते. अखेर सुखाची करावी असा कंपनीचा आग्रह मॅकेरीनें मानला नाहीं. चित्रपट चालला नाहीं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका विनोदी चित्रपटाबद्दल पारितोषिक घेतांना, तुम्हीं तें चुकीच्या चित्रपटास दिलें, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले. राष्ट्रीय सूचींत त्याची नोंद व्हावयास २०१० साल उजाडावें लागलें.

‘नटसम्राट’ पाहिलेल्या मराठी कुटुंबास ही कथा परकी वाटणार नाहीं. परंतु तेथें अप्पासाहेबांच्या वाणीचा प्रचंड ओघ आपल्याला धीर देतो, आणि येथें तसा आधार नाहीं. दोघें साधीं आहेत, थोडीं कटकटीहि आहेत. आजी-आजोबा, आई-बाप व मुलें एकाच खोलींत बसून हा चित्रपट पाहतील, तर प्रत्येकाला तो वेगळ्या बाजूनें लागेल आणि संपल्यावर क्षणभर कोणी कोणाकडे पाहणार नाहीं. असा क्षण शंभर उपदेशांनीं येत नाहीं. म्हणूनच तो उपदेशासाठीं निवडूं नये, हेंहि आम्ही सांगून ठेवितों. सुनेला किंवा मुलाला टोंचावें म्हणून लावलेला चित्रपट म्हणजे आंत गोळी लपविलेला पेढा; खाणाराला गोळी कळते आणि पेढ्याचीहि चव जाते.

यावरून आमचें मत थोडक्यांत सांगतां येईल. प्रसिद्धि ही शिफारस समजावी, प्रमाण समजूं नये. जो पाहावयाचा तो मूळ स्वरूपांत व सबंध पाहावा, आणि त्यांत काय कापलें गेलें असेल याची चौकशी आधीं करावी. निवडण्याचा अधिकार घरांत एकाच्याच हातीं राहूं नये. आठवड्यास एक याप्रमाणें तो वडिलांपासून धाकट्या मुलीपर्यंत फिरावा, आणि दुसऱ्याच्या पाळीच्या दिवशीं आपण शेवटपर्यंत बसावें. स्वतःच्या आवडीचें दुसऱ्यास दाखविण्यांत औदार्य आहे. दुसऱ्याच्या आवडीचें मन लावून पाहण्यांत न्याय आहे, आणि तोच अधिक दुर्मिळ.

धन दुसऱ्याचें असलें म्हणजे तें सांभाळणाराला आपण विश्वस्त म्हणतों व त्याच्याकडून हिशेब मागतों. काळ हें धनापेक्षां मोठें. तें परत करतां येत नाहीं. ज्याच्या हातीं संध्याकाळच्या पडद्याची कळ आहे तो त्या वेळेपुरता घरांतल्या सर्वांच्या आयुष्याचा विश्वस्त असतो. त्यानें नेहमीं थोरच निवडलें पाहिजे असें नाहीं. हंसविणारा चित्रपटहि त्या विश्वासास पात्र असूं शकतो. ही संध्याकाळ मीं कोणासाठीं व कां खर्च केली, एवढें त्यास सांगतां आलें पाहिजे.